एका कान्याचं अंतर

डहाणू रोडला गाडीतून उतरले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि माझं डोकं तापलेलं होतं. माझा धाकटा भाऊ वसंता उधव्याच्या शाळेत मास्तर. ‘अक्का, स्टेशनवर घ्यायला येतो,’ असं त्यानं पत्रात लिहिलं होतं आणि फलाटावर त्याचा पत्ता नव्हता. हमाल म्हणाला, “बाय, उधव्याची मोटार नवाला सुटल. तीच धरा.” धरली. आम्ही माणदेशातली माणसं पावसाची वाट बघून बघून दमलेली. भावाची कोण बघत बसतो!

तेव्हा गुजराती आणि मराठी मुलूख मिळून राज्य एकच होतं, पण ते फुटणार आणि कुठलं गाव कुणाकडे जाणार, यावरून चहाच्या दुकानादुकानात हमरीतुमरी चाललेली असे. मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मी खिडकीला नाक लावून हिरवळ बघत होते. गाव सुटेपर्यंत सुक्या बोंबलांचा वास, मग चिकूच्या वाड्या, मग ताडाची झाडं आणि त्यांच्या शेंड्याला बांधलेली मडकी. आमच्याकडे एवढी सावली अख्ख्या तालुक्यात मिळून नसेल.

शेजारी डोक्याला पांढरं फडकं बांधलेला पन्नाशीचा माणूस होता, नानूभाई. उधव्याजवळच्या एका पाड्यावरचा (वस्तीवरचा) शेतकरी. त्याची चिकूंची करंडी मागच्या बाकाखाली होती. तोंडाला त्याच्या क्षणाची उसंत नाही. कंडक्टरशी मराठी, मागच्या बाकावरच्या म्हातारीशी वारली बोली आणि मधेच स्वतःशी गुजराती.

“कुठं जाता, बेन (बहीण)?”

“उधव्याला. भावाकडे.”

“मंग आमच्याच गावच्या पाहुण्या तुम्ही! घ्या, चिकू खावा. साल काढू नका, सालीतच गोडी हाय.”

मी साल काढूनच खाल्ला. त्याच्याही घरी त्या दिवशी पाहुणे यायचे होते, असं तो दोनदा म्हणाला.

तलासरीच्या अलीकडे मोटार तापली. पुढच्या झाकणातून वाफ उसळली, ड्रायव्हर डबा घेऊन ओढ्याकडे गेला आणि आम्ही साडेदहापर्यंत तिथंच. नानूभाई बूड टेकेना. शेवटी कंडक्टरला म्हणाला, “नको रे बाबा. बार वाजायच्या आत मला लांब जायाचा हाय. करंडी उधव्याला उतरव.” आणि शेताच्या बांधावरून झपाझप निघून गेला.

आमच्याकडे विहिरी सुरुंगानं फोडतात. ‘बार आहे, बार!’ अशी आरोळी आली की बायाबापड्या घरात पळतात. मला वाटलं, इथंही कुठंतरी विहीर चालली असेल आणि गडी दगडांना भीत असेल. मनाशी हसलेसुद्धा.

तलासरीला मोटार थांबली. घशाला कोरड पडली होती म्हणून मी चहाला उतरले. पेला तोंडाला लावला आणि कानात काहीतरी फुटल्यासारखं झालं. पेला हातातून कधी पडला ते कळलं नाही. वळून बघते तो मोटारीचा मागचा भाग उघडा पडलेला, धूर, आणि धुरात माणसांचा आक्रोश. कंडक्टर पाय धरून रस्त्यावर बसला होता. मागच्या बाकावरची ती म्हातारी गेली. तिच्या अंगावर घालायला मी माझी शाल दिली. त्यापलीकडे काही सुचलं नाही.

“बाँब होता, बाँब!” कुणीतरी ओरडलं. मग काय विचारता! कुणी म्हणे राज्य फोडायला निघालेल्यांनी ठेवला, कुणी म्हणे फुटू नये म्हणणाऱ्यांनी. ज्याला जो नकोसा, त्यानं त्याचं नाव घेतलं.

फौजदारांनी चौकीत एकेकाला विचारलं. माझी पाळी आली आणि मला एकदम सगळं आठवलं. करंडी मागच्या बाकाखाली. माणूस आधीच उतरलेला. आणि ते वाक्य! वीस वर्षं पोरांना श्रुतलेखन घालते मी. शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही. “बार वाजायच्या आत मला लांब जायाचा हाय,” असं तो म्हणाल्याचं मी जसंच्या तसं लिहवून घेतलं. घरी पाहुणे येणार म्हणत होता, हे सांगायचं मात्र मला आठवलंच नाही.

तीन वाजेपर्यंत शिपाई नानूभाईला घेऊन आले. अंगात नवा सदरा होता. मला बघितल्याबरोबर त्याचा चेहरा उजळला. “बेन, तुम्ही बऱ्या हाय ना? मोटारीचा ऐकला तवापासून तुमचीच काळजी.”

मी फौजदारांना म्हणाले, “हाच तो.”

तेवढ्यात स्फोटाची बातमी ऐकून वसंता धावत आला. बिचारा तारखेत घोटाळा करून बसला होता. बैलगाडीतून उधव्याला जाताना मी त्याला करंडीचं आणि त्या माणसाच्या आधीच उतरून जाण्याचं सांगितलं आणि वर म्हणाले, “केवढा ढोंगी माणूस! चिकू काय भरवले, काळजी काय!” वसंता म्हणाला, “अक्का, तो तसला वाटत नाही गं.” मी त्याला झापलं.

तिसऱ्या दिवशी बाजार होता. तांदळाच्या भाकरी खाऊन कंटाळले होते, म्हणून शिकरण करायला केळी घ्यायला गेले. केळीवाली बाई माझ्याशी मराठीत बोलत होती आणि केळी मोजत होती. “...दस, अगियार, बार. हं, घ्या.”

“काय म्हणालात?”

“बार केळी. डझन.”

“बार म्हणजे?”

ती हसली. “बार म्हणजे बारा, बाय! आमी गुजराती मानसं. बोलतो मराठी, पन मोजतो आमच्याच भाषेत.”

बारा वाजायच्या आत. पाहुणे येणार होते, बारा वाजायच्या आत त्याला लांबचं घर गाठायचं होतं! अगं बाई, काय केलं मी हे? एक काना. पहिलीतला पोरगा काना विसरला तर मी त्याला दहादा लिहायला लावते. केळी तिथंच टाकली आणि वसंताला वर्गातून उठवून तलासरी गाठली.

फौजदारांनी ऐकून घेतलं. “बाई, तोही हेच सांगत होता. करंडीचं उरलंसुरलंही तपासलं. त्यात चिकूच होते. आम्हीही साशंकच होतो, पण तुमचा जबाब एवढा ठाम. लिहून द्या.” ‘माझी ऐकण्यात चूक झाली,’ असं मी लिहून दिलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती सुळी मी माझ्या हातानं उभी केली होती.

नानूभाई बाहेर आला. नवा सदरा चुरगळला होता. मी वाकून नमस्कार केला, तर तो मागं सरला. “असा नको, बेन.”

“पाहुणे कशाचे होते, नानूभाई?”

“पोरीचा गोळ-धाणा होता (गूळ आणि धणे वाटून लग्न पक्कं करतात तो). पानं मांडली होती. शिपाई आले तसे पाहुणे उठले. बाँबवाल्याची पोर कोण करल?”

मला रडूच फुटलं. म्हणाले, “चला, आत्ताच्या आत्ता त्यांच्याकडे जाऊ. मी सांगते.”

उधव्यापुढं दोन कोस चालत गेलो. ऊन मी म्हणत होतं, पळसाचं पान हलत नव्हतं. नानूभाई पुढं, आम्ही दोघं मागं. त्यांनी तोंडावर दार लावलं तर काय, एवढंच माझ्या मनात घोळत होतं.

व्याही ओट्यावर बसलेला होता. नानूभाईला बघून उठला नाही. त्याची बायको दाराआड उभी. त्यांना मराठी येत नव्हती. वसंताला गुजराती यायची, तो सांगायला पुढं झाला, पण नानूभाईनं हात आडवा केला. “मी सांगतो. बेन, तुम्ही बोला.”

मी बोलले. “मी मास्तरीण. मीच ह्यांना बाँब ठेवणारा म्हणून पकडून दिलं. ह्यांचा एका केसाएवढाही दोष नाही, दोष माझा. शिक्षा करायची तर मला करा. त्या पोरीला करू नका.”

नानूभाईनं ते गुजरातीत सांगितलं. सावकाश, माझ्याकडे हात करून. व्याही माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत राग येईल म्हणून मी मन घट्ट केलं होतं. तो उठला. त्यानं मला हात जोडले! बायको दाराआडून बाहेर आली, मला हाताला धरून पाटावर बसवलं, पाणी दिलं. आत जाऊन ताटली घेऊन आली आणि गूळ-धण्याची पहिली चिमूट माझ्या तळहातावर ठेवली, मग नानूभाईच्या. नानूभाई फडक्यानं डोळे पुसत होता. मी मनात म्हटलं, केवढ्या मोठ्या मनाची माणसं, अपराध्यालाही पाट देतात.

परतताना नानूभाई पुढं गेल्यावर वसंता हळूच म्हणाला, “अक्का, तू म्हणालीस त्यातलं त्यानं काहीच सांगितलं नाही.”

“म्हणजे?”

“तो म्हणाला, कुणाच्या तरी ऐकण्यात चूक झाली, पण ह्या बेन खास माझ्यासाठी तलासरीला धावत गेल्या, साक्ष दिली आणि मला सोडवलं.”

मी थबकले. “मी परत जाते. खरं सांगते.”

“जा. म्हणजे त्या पोरीच्या बापाला व्याह्यासमोर खोटं पाडशील.”

मी गेले नाही.

आठवड्यानं डहाणू रोडला गाडीत बसले. गावी आल्यापासून जो तो स्फोटाचंच विचारतो. आवाज केवढा झाला, मोटारीचं काय झालं, बाँब ठेवणारा सापडला का. तो आजवर सापडलेला नाही. एवढं सांगून मी विषय बदलते, कारण पुढचं तोंडानं सांगणं मला जमत नाही. म्हणून हे लिहून काढलं. त्या माणसाचं बोलणं मी अक्षरन् अक्षर बरोबर सांगितलं आणि त्याला बुडवलं. त्यानं माझं बोलणं साफ चुकीचं सांगितलं आणि मला पाटावर बसवलं.