डुगडुगणारी खुर्ची

आपल्या पार्किंगमध्ये बंद पडलेल्या गाडीला जागा मिळते, मग एका म्हाताऱ्याच्या खुर्चीला का नाही?

कोपरखैरण्यातल्या आपल्या इमारतीखाली बसणाऱ्या त्या काकांचं नाव मला ठाऊक नाही. गुडघे धरलेल्या बायकोसाठी ते खुर्ची बनवत होते. ती डुगडुगली की एक पाय थोडा कापायचे, मग दुसरा. खुर्ची बुटकी होत गेली. काकू हसायच्या, "अहो, आता पाटच करा!"

काकू गेल्या. काका अजून रोज खुर्चीचे हात पॉलिश पेपरने घासतात.

"आता कशाला, काका?"

"ती इथं हात ठेवते. कुसळ लागायला नको."

सेक्रेटरींना भुसा खुपतो. रविवारच्या मीटिंगमध्ये खुर्ची भंगारात काढायचा ठराव येणार आहे. शेजाऱ्यांनो, त्याच्या विरोधात हात वर करा.