आढळून आले

हे माझ्या बायकोला ठाऊक नाही, मुलांना नाही, आणि ज्या कार्यालयात मी निवृत्तीपर्यंत मानाने बसलो तिथे तर कुणालाच नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. मन हलकं व्हावं म्हणून नव्हे — ते होणार नाही, आणि होऊही नये.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. रत्नागिरीत आमच्या कार्यालयात मासेमारी नौकांची नोंद ठेवण्यासाठी कॉम्प्युटर आला होता. कपाटाएवढा. त्याची डिस्क म्हणजे भाकऱ्यांच्या चवडीएवढा जाड तबकड्यांचा जुडगा, धुण्याच्या यंत्रासारख्या पेटीत वरून ठेवायचा. जिल्ह्यातली प्रत्येक होडी, तिचा मालक, तिच्यावरचा म्होरक्या म्हणजे तांडेल — सगळं त्या तबकड्यांवर. मशीनचा प्रमुख मी. मुंबईला तीन महिने शिकून आलेला एकटाच, आणि त्याचा माज होता. होता म्हणजे होताच, उगाच मवाळ शब्द कशाला वापरू?

शमीम आमच्याकडे हंगामी ऑपरेटर होती. हर्ण्याची, तांडेलाची मुलगी. बापाचा पाय होडीवर निकामी झालेला आणि घर तिच्या पगारावर. सहा महिने काम नीट झालं की तिला कायम करणार होते. हर्णे-दापोलीकडच्या होड्या तिच्याकडे, कारण तिकडची माणसं, आडनावं, होड्यांची नावं तिला न विचारता कळत.

दसऱ्यानंतर तिचं काम मंदावलं. एक होडी शोधायला पूर्वी दोन-तीन सेकंद लागत, आता अर्धा-अर्धा मिनिट पडदा कोराच. मोठे साहेब चिडले. पोरगी आळशी झाली, म्हणाले. आणि मी? मीही आधी तिलाच बोललो. चुकीची बटणं दाबत असशील, म्हटलं. त्या वाक्याची आजही चीड येते मला.

तिने वाद घातला नाही. चार दिवसांनी एक शाळकरी वही आणून माझ्या टेबलावर ठेवली. "साहेब, हर्ण्याच्या होड्यांनाच वेळ लागतोय. गुहागरच्या मी मुद्दाम काढून बघितल्या, त्या लगेच येतात. घड्याळ लावून लिहिलंय सगळं." वहीत तारीख, होडीचा नंबर, लागलेले सेकंद. मुंबईत शिकून आलो होतो मी, आणि हे साधं मोजमाप करायचं मला सुचलं नव्हतं!

मग मात्र मी कामाला लागलो. बाकीचे सगळे पडदे बंद करून एकट्या तिच्या पडद्यावरून शोध लावला — तरी तेवढाच वेळ. म्हणजे गर्दीचा दोष नव्हता. तोच प्रोग्रॅम गुहागरच्या होड्या चटकन देत होता. म्हणजे प्रोग्रॅमचाही नव्हता. उरली डिस्क. हर्ण्याच्या नोंदी तबकडीच्या एकाच पट्ट्यात सलग होत्या. पेटीला कान लावला तर त्या नोंदी मागितल्या की आत कट्-कट्-कट् — तीच जागा मशीन पुन्हा पुन्हा वाचत होतं. दहा-दहा वेळा वाचायचं तेव्हा एकदा नीट लागायचं. अशा प्रत्येक चुकलेल्या वाचनाची नोंद मशीन आपोआप कागदावर छापतं. ती भेंडोळी मी उलगडली. मागे मागे गेलो. पहिली चूक कधीची?

खंडेनवमीच्या दुपारची.

आता सांगतो. खंडेनवमीला आपण हत्यारांची, यंत्रांची पूजा करतो. कार्यालयात सगळ्यांनी मशीनला बाहेरून हार घातला, हळदकुंकू वाहिलं, झालं. शमीम दाराशी उभी राहिली आणि खोबऱ्याचा प्रसाद आवडीने खाल्लान तिने. पण त्या सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मी एकट्याने एक पूजा उरकली होती. बाहेरच्या पत्र्याची कसली पूजा, करायची तर आतल्या तबकड्यांची करावी, असं माझ्या डोक्यात आलं. पेटी थांबवली, झाकण उघडलं, आणि पेटती उदबत्ती आत तीनदा ओवाळली. ज्या पेटीत धुळीचा कण जाऊ नये म्हणून आम्ही दाराबाहेर चपला काढायचो, त्या पेटीत!

भेंडोळी वाचल्यावर झाकण उघडून बघितलं. कडेला बारीक करडी राख. रुमालाने पुसली. मग भेंडोळीची ती पानं फाडली, आणि शमीमची वही माझ्या खणात टाकून कुलूप लावलं.

त्याच दुपारी मोठ्या साहेबांनी विचारलं, "काय हो, डबा आत बसून खाल्लान की काय त्या पोरीने? सुक्या मासळीचा वास मारतो खोलीत."

वास नव्हता. ती रोज व्हरांड्यात बसून जेवायची, काचेतून मला दिसायची. मी "नाही" म्हणायला हवं होतं. एक शब्द! मी म्हणालो, "असेल."

ते म्हणाले, लिहून द्या. मी दिलं. "मशीनच्या कक्षात खाद्यपदार्थ आणल्याचे आढळून आले. त्यामुळे डिस्क दूषित झाली." आढळून आले! कुणाला आढळलं? सरकारी मराठीत हे बरं असतं, आढळणाऱ्याचं नाव द्यावं लागत नाही. सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली रेघ मारली. आजही कुठल्या कागदावर ते दोन शब्द दिसले की तो कागद फाडावासा वाटतो.

शमीमला महिनाअखेर कमी केलं. ती गेल्यावर मी जुना जुडगा काढून नवा बसवला आणि त्यावर दसऱ्याआधीची प्रत चढवली. हर्ण्याच्या होड्या पुन्हा दोन सेकंदांत येऊ लागल्या. मोठे साहेब खूश. पोरगी गेली नि मशीन सुधारलं, असं ते चार लोकांत सांगत, आणि मी शेजारी उभा राहून हसत असे. हो, हसत असे. त्या वर्षी मला बढती मिळाली.

दीडेक महिन्याने ती अनुभवाचा दाखला न्यायला आली. तिला कमी केल्याच्या पत्रावर सही मोठ्या साहेबांची होती. माझा अहवाल फाइलच्या पोटात, तिला तो कुणी दाखवला नव्हता. वहीबद्दल तिने विचारलंही नाही. मी ती साहेबांपुढे ठेवली असणार, याची तिला खात्रीच असावी. दाखला घडी करून तिने पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "साहेब, तुम्ही होतात म्हणून मी एवढे दिवस तरी टिकले. तुम्ही माझ्यासाठी भांडला असणार, मला ठाऊक आहे. अब्बा रोज तुमच्यासाठी दुवा मागतात."

मी म्हणालो, "असू दे, असू दे."