गुलाबी पाणी
परवा नातवाची जखम धुताना परमँगनेटच्या लाल औषधाने पाणी गुलाबी झालं आणि माझा हात थांबला. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, घरातून पहिलाच कॉलेजात गेलेला मी, नगरला एका गोऱ्या मडमेने चालवलेल्या शाळेतली देशोदेशीची मुलं मदतीला घेऊन पटकीच्या साथीत खेड्यातल्या विहिरींत हेच औषध टाकत होतो. एका विहिरीचं पाणी रंगताच कडेवर लेकरू घेतलेली बाई घागर ओतून ओढ्याकडे निघाली. साथ मुख्यतः त्या ओढ्याच्याच पाण्यातून पसरत होती. "मावशी, हात जोडतो, ते नका पाजू!" "मग ह्ये रगत पाजू? इख कालवलं का काय रं?" मी ओंजळभर प्यालो, मुलंही प्याली. "तुमी शिकल्याली मानसं, तुमाला पचंल," म्हणत ती गेलीच. आठवड्याने ती त्याच विहिरीवर पाणी शेंदत होती. कडेवर कोणी नव्हतं. आधी औषध घागरभर पाण्यात कालवून, ते कशासाठी हे सांगत तिच्यासमोर प्यावं आणि मगच विहिरीत टाकावं, एवढंसुद्धा मला सुचलं नव्हतं.