गठ्ठ्याला कुठली दोरी

फोन आला तेव्हा मी शीळफाट्याजवळच्या आमच्या वखारीत गवतावर ताडपत्री ओढत होतो. सुनेचा नुसता आवाज ऐकला आणि कळलं, हिरा गेली. सकाळीच तर कल्याणच्या हॉस्पिटलात बायकोला भेटून आलेलो. नाकात नळी, बोलताना धाप लागायची, तरी पहिला सवाल काय, तर "दोरी आणली का?" मी म्हटलं, आणू. तर म्हणाली, "आणू नका म्हणू, आणा. नाहीतर विलास प्लास्टिक आणून ठेवील." विलास आमचा मुलगा. शेवटच्या भेटीत बायका काहीतरी गोड बोलतात असं ऐकलेलं... आमच्या हिरानं कामाला लावलं.

आमचा धंदा सुक्या गवताचा. दसऱ्यानंतर गवत कापायचं, वाळवायचं, त्याचे लहान चौकोनी गठ्ठे बांधायचे आणि इकडच्या तबेल्यांना पोचवायचे. गवत सगळ्यांचं थोड्याफार फरकानं सारखंच. फरक असतो तो बांधायच्या दोरीत, पण ते कुणी बघत नाही. हिरा बघायची. ती कोपरीची, मिठागरवाल्यांच्या घरातली. मिठाची पोती शिवत मोठी झालेली, त्यामुळे कुठली सुतळी ओल धरते, कुठली कुजते, हे तिची बोटंच सांगायची. लग्न होऊन आली तेव्हा माझा बाप गठ्ठे तारेनं बांधायचा. बापासमोर मी मान वर करत नव्हतो, आणि ही नवी सून सरळ विचारते, "मामंजी, तारेचा तुकडा म्हशीनं गिळला तर?" बाप म्हणाला, "म्हैस तुझ्या बापाची आहे का?" ही म्हणते, "म्हैस नाही, पण चहात दूध तिचंच घालते मी तुमच्या." बाप चहा पीत होता. पुढच्या हंगामाला तार गेली, सुतळी आली.

पुढे माणसं मिळेनाशी झाली. पोरं सगळी घोडबंदरला बिल्डिंगांच्या कामावर, नाहीतर डिलिव्हरीला. मग विलासनं गठ्ठे बांधायचं मशीन आणलं. आम्ही शहाणे, त्यात हातानं बांधायची तीच केसाळ सुतळी भरली. गाठ मारायच्या जागी तिचा सगळा भुसा अडकला आणि मशीन ठप्प. हिरा मांडी घालून बसली आणि केसांतला आकडा काढून धागा धागा उपसत राहिली. विलास वैतागला, "आई, प्लास्टिक भर ना, सरसर जातं." ती मान वर न करता म्हणाली, "म्हशीच्या पोटात पण सरसर जातं. बाहेर येत नाही." "अगं, दोरी कापून बाजूला टाकायची असते, खायला कोण घालतंय?" "पहाटे अर्धवट झोपेत गठ्ठा सोडणारा माणूस तुकडे शोधत बसतो का? तू तरी बसशील का?" विलास हसला. त्याला उठवायलाच तिला रोज तीन हाका लागायच्या.

मग तिची दोरीची शोधाशोध सुरू झाली, आणि पिशवी धरायला मी. कल्याणच्या बाजारात पिशवीत मूठभर गवत घेऊन जायची. दुकानात दोरी हातात घेतली की गवताला गुंडाळायची, चपलेखाली एक टोक दाबून ओढायची, मग नाकाशी धरायची. दुकानदार चक्रावला. "मावशी, दोरी घेताय की माझी परीक्षा घेताय?" "परीक्षा दोरीची रे. तू कशाला घाम पुसतोस?" तेल लावलेली तागाची दोरी मशीनला चांगली, पण तेलाचा वास गवताला लागला तर म्हैस तोंड लावत नाही. बारीक दोरी गठ्ठा उचलताना हमालाच्या बोटात रुतते. जाड दोरी मशीनमध्ये जात नाही. शेवटी पीळ घट्ट असलेली, बिनवासाची तागाची दोरी सापडली, तेव्हा पोरीचं लग्न जमल्यासारखी खूश झाली. मला भर बाजारात म्हणाली, "चला, आज वडापाव माझ्याकडून."

ती गेली त्याला आता काही आठवडे झाले. गवत वाळून तयार झालं आणि विलास खरंच प्लास्टिकची रिळं घेऊन आला. "बाबा, या वर्षापुरतं. आता तुम्ही कुठे धावपळ करणार?" त्याचं म्हणणं वाईट नव्हतं. मी भांडलो नाही. उठलो, रिक्षा केली, कल्याणला गेलो. दुकानदारानं माझ्या मागे बघितलं. "मावशी कुठे?" म्हटलं, "गेली." तो आतून तागाची रिळं आणून स्वतःच एकेक ओढून बघायला लागला...

दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं. थोड्या गठ्ठ्यांनंतर ताग तुटला. विलास माझ्याकडे बघून म्हणाला, "बघा. या दोरीला मशीन सावकाश चालवावं लागतं, सारखं गाठीपाशी बसून लक्ष ठेवावं लागतं. आई बसायची. असं केलं तर अंधार पडेल, बाबा."

"पडू दे," मी म्हटलं. "लवकर घरी जाऊन मी काय करू?"

त्यानं मशीन हळू केलं. मी गाठीपाशी जाऊन बसलो.