कोफीच्या शोचं बंद दार

शनिवार, दुपारचे तीन. अटलांटा शहरातलं एक जुनं गोदाम, आता हॉल म्हणून भाड्याने देतात. दाराला कुलूप. बाहेर उन्हात चारेकशे तरुण पोरंपोरी.

आणि त्या दारासमोर साडीवर स्पोर्ट्स शूज घालून, गळा फाडून घोषणा देणारी मी! चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. इतकी वर्षं नागपुरात बातमीदारी केली, मला बघून मंत्री जिना बदलायचे. पण असा पचका? कधीच नाही!

मी भाचीकडे आले होते. सायली शहराजवळच्या अल्फारेटाला राहते. दिवसा कॉम्प्युटर, संध्याकाळी शिवणयंत्र. कोफी तिचा पार्टनर. धंद्यातला हो, लगेच भुवया उंचावू नका! त्याचे आईवडील घानाचे, तो जन्मलाय इथेच. त्याची बहीण अमा रॅप करते आणि ड्रम असा बडवते की शेजारचे आपणहून नाचतात. कोफी जॅकेटं शिवतो. बाह्या घानातल्या अक्राच्या बाजारातल्या पिवळ्याजर्द छापील कापडाच्या, आणि पाठ सोलापुरी चादरीची! चादरी माझ्याच बॅगेतून आल्या होत्या. म्हणजे या फॅशनमध्ये माझाही हात होता की नाही?

हा त्यांचा पहिला शो. अमाची गाणी, कोफीची जॅकेटं, रस्त्यावरची पोरंच मॉडेल. बघायला दोन मोठ्या दुकानांची माणसं येणार होती. आणि कोफीने बापाला शब्द दिला होता, की हा शो पडला तर मुकाट्याने फार्मसी कॉलेजात परत जाईन.

आता मी बातमी लिहिणार म्हटल्यावर चौकशी नको? सकाळी सायली आंघोळीला गेली तशी मी हॉलवर फोन लावला. आपले नेहमीचे प्रश्न. आत माणसं किती मावतात? येणार किती? चेंगराचेंगरी झाली तर जबाबदार कोण? पलीकडचा माणूस चाचरला. "उत्तर लेखी लागेल," असं ठणकावून मी फोन ठेवला. काय प्रसन्न वाटलं म्हणून सांगू!

दुपारी पोचलो, तर हे कुलूप. कोफी पायरीवर डोकं धरून बसलेला.

"मावशी, सगळं संपलं!" सायली रडकुंडीला आली होती. "मॅनेजरने शो कॅन्सल केला. सकाळी कोणीतरी फोन केला म्हणे, की इथे गर्दीत लोक मरणार."

"कोणी केला?"

"काय माहीत यार! आमच्यावर जळणारं कोणीतरी."

माझं डोकं सणकलं. चार काळी पोरं एकत्र आली की लगेच यांना दंगल दिसते! कोण तो हलकट, ज्याने फोन केला?

आता तुमच्या मनात जे आलं, ते माझ्या मनात आलं का? देवाशपथ, नाही!

"मावशी, प्लीज, तू काही करू नको हं."

"मी कुठे काय करतेय? फक्त मोर्चा काढतेय."

मूठ वर केली आणि दिली आरोळी, "कोण म्हणतं उघडणार नाही?" स्वतःच उत्तर दिलं, "उघडल्याशिवाय राहणार नाही!" अमाने डोळे बारीक केले, ड्रम काढला आणि ताल धरला. तिसऱ्या वेळेला अख्खी रांग ओरडत होती, "राऽनार नाई!"

शेजारच्या ऑफिसचं दार किलकिलं झालं. टाय लावलेला, घामाघूम मॅनेजर बाहेर आला.

"मॅडम, आपण कोण?"

"प्रेस! फोन करणाऱ्या त्या भेकड माणसाचं नाव सांगा!"

"माणूस नव्हता. बाई होती."

"मग भेकड बाईचं सांगा! आणा तिला समोर!"

"नाव नाही सांगितलं. वयस्कर होती. जाड आवाज. म्हणाली, उत्तर लेखी लागेल."

माझी वर गेलेली मूठ हळूच खाली आली. सायलीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. हे वाक्य ती लहानपणापासून ऐकत आलीय.

मॅनेजरनेही मान तिरकी केली. "मॅडम, आपण आधी बोललोय का?"

तुम्ही काय केलं असतं? मी दुप्पट आवाजात ओरडले, "कोण म्हणतं उघडणार नाही!" तो तोंड उघडायचा, मी घोषणा द्यायची. शेवटी त्याने माझ्याकडे बोट रोखलं. झालं! कोफी ताडकन उठला.

"आंटीकडे बोट नाही दाखवायचं!"

मागून चारशे आवाज, "आंटी! आंटी!"

बिचारा बाजूच्या बोळातून मागे पळाला. मी मागोमाग. माझी चोरी त्याच्या तोंडून बाहेर पडली तर कोफीला तोंड कसं दाखवू? धापा टाकत मागे पोचले, आणि बघते तर मागच्या दाराला बाहेरून जाड साखळी!

"हे काय?"

"ते... नेहमीच असतं."

"आत लोक असताना पण?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. झाला तह! त्याने साखळी काढली, पुढे जाऊन कुलूप उघडलं आणि फोनचा विषय पुन्हा काढला नाही.

आणि मग शो काय झाला म्हणता! अमाने माझी घोषणाच गाण्यात घेतली. सोलापुरी पाठ प्रेक्षकांकडे वळली की शिट्ट्या! दुकानवाल्यांनी जॅकेटं अंगातून उतरायच्या आत मागितली. कोफीचा बाप शेवटच्या रांगेत मोबाइलवर शूटिंग करत होता आणि सगळ्यांना सांगत होता, "माझा मुलगा!" फार्मसीचं नाव नाही.

कोफीने मला स्टेजवर ओढलं, साडीवर जॅकेट चढवलं आणि माइकवर म्हणाला, "आंटी नसती तर हा शो झालाच नसता!"

"आंटी नसती तर वेळेवर झाला असता," सायली पुटपुटली. मराठीत, नशीब माझं.

त्या फोनवालीला शोधून काढायचं काम कोफीने माझ्याकडेच दिलंय. "आंटी, तुम्ही प्रेस आहात, तुम्हीच पकडणार तिला." रोज विचारतो, काही कळलं का?

मीही मॅनेजरला रोज विचारते, चारशे माणसांच्या हॉलला मागून साखळी कोणी घातली होती? शो संपला तसा आमचा तहही संपला, मी काय सोडतेय!

अजून त्याने उत्तर दिलेलं नाही. कोफीला मीही दिलेलं नाही.