उखळ पुसू नका, काकू

खांद्यावरचं दप्तर ती कधी हातानं उतरवून ठेवायची नाही. नुसता खांदा पाडायची. दप्तर धप्पकन फरशीवर आपटायचं, आतली कंपासपेटी खुळखुळायची आणि पाठोपाठ तिचं ठरलेलं वाक्य यायचं, "डोक्याला ताप हाय काकू नुसता!"

"कुणाचा गं?" मी विचारायची.

"सगळ्यांचाच."

अशी एखादी पोरगी तुमच्याही गल्लीत असणार, कदाचित घरातच असेल. शाळा आवडत नाही, घर आवडत नाही, माणसं तर त्याहून आवडत नाहीत, आणि जीव मात्र ह्या सगळ्यांतच अडकलेला. तिचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर पेठ वडगावहून भांडायला येईल, आणि भांडायला ती कमी नाही.

मंगळवार पेठेत आमचा चटणीचा डंक आहे. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. होळी झाली की कोल्हापुरातल्या बायका वर्षाची चटणी करायला घेतात. मिरच्या वाळवायच्या, देठं काढायची, मसाला तेलावर भाजायचा आणि सगळं डब्यात भरून डंकावर आणायचं. विजेवर चालणारी लोखंडी मुसळं धाडधाड वरखाली होतात आणि उखळात मिरची कुटली जाते. ते दोन-अडीच महिने आमच्याकडं बोलणं नसतं, नुसतं ओरडणं आणि शिंकणं. नाकाला पदर लावून बायका ओळीनं बसलेल्या असतात आणि त्यांच्या डोळ्यांतनं धारा लागलेल्या असतात. मला मात्र आता काही होत नाही. इतक्या वर्षांत मिरचीनंच माझ्या डोळ्यांपुढं हात टेकलेत.

ती नववीत होती तेव्हाची गोष्ट. तिच्या घरची चटणी होऊन गेली होती. आईबरोबर येऊन डबा भरून नेला होता तिनं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बघते तर ही परत दारात.

"काय गं, काय विसरलं व्हय?"

"न्हाय काकू. बसू का जरा?"

"ह्या ठसक्यात? बाहेर कट्ट्यावर बस की."

"हितंच बसतो." आमच्याकडं पोरीसुद्धा बसतो, येतो, असंच बोलतात, तेव्हा तुम्ही नवल करू नका.

बायकांच्या ओळीत जाऊन बसली आणि रडायला लागली. खुशाल, पोटभर. शेजारच्या बाईनं तर मायेनं स्वतःचा रुमाल पुढं केला, "नाक झाक बाळ, सवय न्हाय वाटतं तुला." कुणालाच काही वाटलं नाही. माझ्या मात्र ध्यानात आलं, कारण मिरचीचं रडणं शिंकांबरोबर येतं आणि हिला एकसुद्धा शिंक आली नव्हती.

गर्दी पांगल्यावर मी जवळ गेले. काही विचारायच्या आधीच म्हणाली, "घरात रडायची सोयच न्हाय काकू. आई म्हणती, काय झालं ते आधी सांग. पप्पा म्हणतात, तिचा मोबाईल काढून घ्या. दादा तर व्हिडिओ काढतो. हितं बरं हाय. सगळीच रडत्यात, कोण इचारत न्हाय."

मला हसू आलं. रडायला जागा मिळेना म्हणून लेकरानं मिरचीच्या ठसक्यात येऊन बसावं, म्हणजे काय म्हणायचं! मी तिला गुळाचा खडा दिला आणि काही विचारलं नाही.

मग ती येतच राहिली. देठं काढायला बसायची. हात चालायचा तेवढंच तोंडही चालायचं. गणिताचे सर म्हणे रोज म्हणतात, तुझ्या भावाकडं बघ जरा. "रोजच बघतो की काकू! चार-चार दिवस आंघोळ करत न्हाय त्यो!" खेळाचा तास आला की विज्ञानाच्या बाई दारात उभ्याच. शेजारची मावशी जिन्यात भेटली की कशी आहेस म्हणून विचारत नाही, किती मार्क पडले म्हणून विचारते. मैत्रिणींच्या ग्रुपवर काही लिहिलं तर सगळ्या वाचतात आणि एक बया उत्तर देत नाही.

"अगं, मोठी माणसं बोलतात ते भल्यासाठीच..." मी एकदा सुरुवात केली.

"काकू, आता तुम्हीपण सुरू झाला व्हय?"

एकदा अशीच बोलण्याच्या भरात तिनं मिरचीच्या हातानं डोळा चोळला. अयाई गं, काय नाचली! थंड दुधात कापूस भिजवून डोळ्यावर ठेवला तेव्हा कुठं निवली. एका डोळ्यानं माझ्याकडं बघत म्हणाली, "आज खरंच मिरचीनं रडलो बघा." त्या दिवशी आम्ही दोघी पोट धरून हसलो.

तिच्या सगळ्या तक्रारींत एका माणसाबद्दल कधी तक्रार नसायची, ती म्हणजे श्रुतिका. दोघी बालवाडीपासून एका बाकावर. श्रुतिकाच्या घरची माणसं मूळची सीमेकडची, किराणा मालाचे व्यापारी. घरात निम्मं कानडी चालतं आणि आजीला अव्वा म्हणतात. त्यांची चटणी ब्याडगी मिरचीची, रंगाला लालभडक पण चवीला मवाळ, तीळ-खोबरं सढळ हातानं घातलेलं. आणि हिच्या घरची चटणी म्हणजे लवंगी मिरचीचा जाळ. मधल्या सुट्टीत दोघींचे डबे बदलायचे. ही श्रुतिकाच्या चटणीबरोबर भाकरी खायची आणि श्रुतिका हिची चटणी खाऊन हा-हू करत पाणी पीत बसायची. कितीतरी वर्षं असंच चाललं होतं.

दहावीच्या पूर्वपरीक्षेत ही गणितात नापास झाली. घरात सांगितलं नव्हतं. श्रुतिकाच्या तोंडून ते तिच्या आईला कळलं आणि त्या भल्या बाईनं मंडईत हिच्या आईला गाठून धीर दिला, "काळजी करू नका हां, मेन परीक्षेत होईल पास!" झालं! घरात महाभारत. दुसऱ्या दिवसापासून ही दुसऱ्या बाकावर. श्रुतिकानं सॉरीचे मेसेज केले, हिनं ते वाचले आणि तसेच ठेवले. मुख्य परीक्षा झाली, दोघी एकाच शाळेच्या एकाच गेटमधनं बाहेर पडल्या आणि दोन बाजूंना गेल्या.

परीक्षा संपली तसा माझा मोसम भरात आला आणि ती दिवसभर माझ्याकडंच बसायला लागली. मी म्हटलं, "अगं, पोरगी चुकली. बोलून टाक की."

"मी न्हाय बोलणार."

"मग नको बोलू."

"तुम्हाला काय हो! तुमची कुठं मैत्रीण गेलीय!"

एके दिवशी डंक जोरात चालू होता. माझ्या कानाशी येऊन ती ओरडून काहीतरी सांगत होती, मला ऐकू येईना. "काय?" मी ओरडले. तिनं जीव खाऊन आवाज चढवला आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली. मुसळं जागच्या जागी थांबली आणि त्या शांततेत तिचं ओरडणं अख्ख्या गल्लीनं ऐकलं,

"मला तिच्याशिवाय करमतच न्हाय काकू!"

ओळीतल्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. ही कानापर्यंत लाल झाली. "मिरची... मिरची झोंबली," एवढं म्हणून दप्तर नसलेला खांदासुद्धा पाडून खाली बसली. वीज येईपर्यंत मान वर केली नाही.

पुढच्याच आठवड्यात कळलं, की अकरावीला तिला पेठ वडगावला ठेवायचं ठरलंय. तिथं तिची आत्या असते आणि आत्याच्या घराशेजारीच कॉलेज. मी चेष्टेत म्हटलं, "वडगाव म्हणजे काय लंडन हाय? बसमध्ये डुलकी लागायच्या आत येतंय."

"लांब न्हाय काकू," ती म्हणाली, "पण रोजचं न्हाय की."

मी गुळाचा खडा तिच्या हातावर ठेवला.

आता डंकाची एक गोष्ट सांगायला पाहिजे. एका घरची चटणी काढून घेतली तरी उखळाच्या बुडाला थोडी चिकटून राहते आणि पुढच्या घरच्या चटणीत मिसळते. म्हणून बायका आल्या आल्या विचारतात, "आधी कुणाचं होतं?" ज्यांच्या हाताची चव पसंत नाही त्यांच्या मागचा नंबर कुणाला नको असतो. मी प्रत्येक घाणा, म्हणजे एका घरचं कुटणं, झाला की मूठभर खडेमीठ टाकून उखळ पुसून काढते, तरी बायकांचा विश्वास नाही.

तर ही एका सकाळी आली. इकडं तिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "काकू, तिच्या घरचा नंबर कवा हाय?"

"बुधवारी."

"मग आमचा तिच्या मागनं लावा." पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली. "आणि काकू, त्यांचं झालं की उखळ पुसू नका. वडगावला न्यायला पाहिजे मला."

तिच्या आईला कळलं असतं तर माझं काही खरं नव्हतं. त्या बाईला आपल्या लवंगीचा कोण अभिमान! तरी मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार, तुम्हीच सांगा.

बुधवारी श्रुतिका आणि तिची अव्वा आल्या. ही मिरच्यांच्या पोत्यांमागं जाऊन उभी राहिली, जणू काही दिसतच नव्हती. तिची आई बाहेर रिक्षातनं डबे उतरवत होती. त्यांचा घाणा झाला. अव्वा हाडाची काटकसरी, तिनं डबा भरला आणि परत उखळात हात घालून बुडाची चटणी खरवडायला लागली. पार चकचकीत करून सोडणार अशी चिन्हं. पोत्यांमागं माझं लक्ष गेलं. पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं. मी काय बोलणार? दुसऱ्याच्या मालाला ऱ्हाऊ दे म्हणायचा मला काय अधिकार?

श्रुतिकानं माझ्या वहीत पुढचा नंबर कुणाचा आहे ते बघितलं. मग पोत्यांकडं बघितलं. आणि तिनं अव्वाचा हात धरला.

"अव्वा, ऱ्हाऊ दे की थोडं."

"अय्यो, आमचं चटणी त्यांना कशाला गं?"

"तिला आवडती," श्रुतिका म्हणाली.

ही पोत्यांमागनं बाहेर आली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, नाकं लाल, डोळे भरून वाहतायत. तेवढ्यात हिची आई डबा घेऊन आत आली. "काय गं, काय झालं दोघींना?"

"मिरची झोंबली," दोघी एकदम म्हणाल्या.

मी मिठाची बरणी मागं सारली आणि डंक सुरू केला. कुणालाच शिंक आली नव्हती.

जूनमध्ये ती गेली. जाताना दोघी मिळूनच निरोप घ्यायला आल्या होत्या, एकीच्या हातात बरणी आणि दुसरीच्या हातात पिशवी. वर्षभर तिची आई मला ऐकवत राहिली, "वहिनी, गेल्या खेपेची चटणी मवाळ झाली बघा. तुमचं उखळ बिघडलंय." मी म्हणायची, "व्हय हो, बघायला पाहिजे."

यंदाच्या मोसमात ती आली नाही. तिचे क्लास चालू आहेत. संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळी माझे कान आपोआप दाराकडं लागतात. कुणाचंतरी दप्तर आपटेल, कंपासपेटी खुळखुळेल, असं वाटत राहतं. फार आठवण येते त्या पोरीची, उगाच कशाला लपवू!

परवा श्रुतिका एकटीच डबा घेऊन आली. उंच झालीय. पुढं तिच्या मैत्रिणीच्या आईचा घाणा चालू होता, लवंगीचा, अख्खी ओळ खोकत होती. ती माऊली डबा भरून गेली आणि मी सवयीनं मिठाच्या बरणीला हात घातला.

"काकू," श्रुतिका म्हणाली, "पुसू नका."

मी बरणी तशीच खाली ठेवली. डंक सुरू केला आणि पदर डोळ्यांना लावला. ओळीत एवढ्या बायका बसल्या होत्या, पण मला कुणी काही विचारलं नाही.