टेस्ट ड्राइव्हला आलेलं कपाट

आठ-दहा माणसं मागून गाडी ढकलत होती आणि गाडी तसूभर हलत नव्हती.

"हँडब्रेक सोडला काय भाऊ?"

"सोडला."

"मंग न्यूट्रल कर ना."

"तेच तर होत नाही," मी खिडकीतून गिअर ओढत म्हणालो. गाडी विकायला आलेल्या माणसानं हे वाक्य बोलायचं नसतं, हे मला ते बोलून झाल्यावर कळलं.

मी यवतमाळच्या एका शोरूममध्ये सेल्स कन्सल्टंट आहे. व्हिजिटिंग कार्डावर तसं लिहिलंय. तोंडाचं काम आहे, आणि त्या दिवशी तोंडानंच घात केला.

दिग्रसकडच्या एका बंजारा तांड्यावर आम्ही एकाच लहान गाडीची दोन मॉडेल्स घेऊन गेलो होतो. एक मॅन्युअल, म्हणजे आपली नेहमीची क्लच-गिअरची. ती आमचा वसीम चालवत आला. दुसरी ऑटोमॅटिक, ती माझ्याकडे. गिऱ्हाईक होत्या सविताताई राठोड, आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर. त्या आधी घरची जीप चालवायच्या, लायसन्सही होतं. मग स्कूटीवरून पडल्या आणि डाव्या पायात रॉड बसला. तेव्हापासून ड्युटीवर जायचं तर कोणाच्या तरी मागं बसून. बसवणारा मोकळा नसला की सुट्टी. फोनवर त्यांनी मला सरळच सांगितलं होतं, "भाऊ, गाडी जमली तं ठीक, नाई तं मी ऑफिसातली टेबलावरची ड्युटी मागून राह्यली. मले ते नाई पाह्यजे. पण काय करू?"

गाडी घ्यायला घरात कोणाची ना नव्हती. कोणती घ्यायची, यावर होती. सासरे रामधन राठोड, तांड्याचे नायक म्हणजे प्रमुख, जुन्या जीपचे मालक. ती जीप रोज सकाळी धक्क्यानंच सुरू व्हायची आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांचं मत मॅन्युअलला.

"आधी गिअरची दाखवा," ते म्हणाले.

ताई मॅन्युअलमध्ये बसल्या. पहिल्यांदा क्लच दाबला, गाडी निघाली. दुसऱ्यांदा दाबताना त्यांनी ओठ मिटले. तिसऱ्यांदा पाय अर्ध्यातच सुटला आणि गाडी हिसका देऊन बंद पडली. ताई खाली उतरून डाव्या पोटरीवर हात फिरवत उभ्या राहिल्या.

"होईन हळूहळू सवय," नायक म्हणाले.

आता आपली पाळी, म्हणून मी नायकांना ऑटोमॅटिकमध्ये शेजारी बसवलं. थोडं समजावतो. या स्वस्तातल्या ऑटोमॅटिकला एएमटी म्हणतात. आतला गिअरबॉक्स मॅन्युअलसारखाच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला एक यंत्र ठेवलेलं असतं. म्हणजे तुमच्या डाव्या पायाच्या जागी एक नोकर. त्या नोकराचं खाणं म्हणजे बॅटरी. खाली पेडल दोनच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलेटर. नव्या माणसाचा डावा पाय सवयीनं क्लच शोधतो आणि ब्रेक दाबून बसतो. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला मी बजावतो, डावा पाय मागं घ्या, त्याला विसरून जा.

गाडी चालवत हे नायकांना बजावत असतानाच समोर बकरी आली आणि माझ्या डाव्या पायानं क्लच दाबला. तिथं क्लच नव्हता. गाडी जागच्या जागी थांबली. नायकांची टोपी डॅशबोर्डवर.

त्यांनी टोपी उचलली, झटकली, परत घातली. "हे बी गाडीच करते काय?"

"नाही बापू, हे मी केलं."

"बरं."

इथं सुज्ञ माणसानं गप्प बसून ताईंच्या हातात स्टिअरिंग दिलं असतं. मी मात्र गेलेली इज्जत परत मिळवायला निघालो. देवळासमोरच्या उतारावर गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि चावी ऑन ठेवून फीचर्स दाखवायला लागलो. इंजिन बंद का, तर पेट्रोलवरून शोरूमचे साहेब फार बोलतात. टचस्क्रीन दाखवली. मागचा कॅमेरा दाखवला. भर दुपारी हेडलाइट लावून दाखवले. एसीचा पंखा पूर्ण केला. कोणीतरी फोन जोडून गोरबोलीतलं, म्हणजे बंजारा बोलीतलं, लग्नाचं गाणं लावलं, तर मी आवाज वाढवून दिला. बायका जमल्या, म्हातारे जमले. मी इतका सुरेख बोललो की मलाच एक गाडी घ्यावीशी वाटली.

मग म्हणालो, "बसा ताई, आता तुम्ही चालवा."

ताई बसल्या. चावी फिरवली.

टक.

परत फिरवली. टक. मग तेही नाही.

वसीम शांतपणे जवळ आला. "गजूभाऊ, तू घंटाभर भाषण देऊन राह्यला होता, ते बॅटरीवर."

फोन वाजला. साहेब. त्यांना असं नेमकं कळतं.

"ट्रायल कशी सुरू आहे?"

"गर्दी चांगली जमलीय साहेब."

"ऑटोमॅटिक कशी वाटली त्यांना?"

"सगळ्यांनी हात लावून पाह्यली," मी म्हणालो. मागं तेव्हा सगळे बाह्या सरसावून धक्क्याला येत होते.

धक्का म्हणजे तांड्याचं हातखंडा काम. पण एएमटीला पार्किंगचा वेगळा गिअर नसतो. उभी करताना गिअरमध्येच ठेवायची, इंजिनच चाकं धरून ठेवतं. आणि तो गिअर काढणार कोण? तोच नोकर. तो उपाशी. म्हणजे ढकलून सुरू करणं लांबच राहिलं, गाडी जागची सरकेना. नायकांनी स्वतः खांदा लावून पाहिला. मग बाजूला होऊन कपाळ पुसलं.

"ज्या गाडीले धक्का बसत नाई, ते गाडी नोय," ते म्हणाले. "कपाट होय."

सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. त्या स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होत्या. मला तेव्हा पहिल्यांदा खरंच वाईट वाटलं. माझी विक्री जाणार होती, ते सोडा. माझ्या बडबडीनं त्यांची टेबलावरची ड्युटी पक्की होत होती.

अशा वेळी जम्पर केबल लागते, म्हणजे एका गाडीच्या बॅटरीवरून दुसरीला करंट देणारी जाड वायरची जोडी. ती यवतमाळला, वर्कशॉपच्या भिंतीवर, खिळ्याला टांगलेली होती. मी रोज पाहायचो.

"मॅन्युअलची बॅटरी काढून हिला लावू," वसीम म्हणाला.

"आणि मॅन्युअल?"

"तिले मेलेली लावू. तिले धक्का चालते ना."

हे ऐकून नायक खुलले. जीपच्या डिकीतून पाना आला. बॅटऱ्यांची अदलाबदल झाली. ताईंनी ब्रेक दाबून चावी फिरवली आणि ऑटोमॅटिक लगेच सुरू झाली. आता मॅन्युअलची पाळी. तिला लावलेल्या बॅटरीत स्टार्टर फिरवायचा दम नव्हता, ठिणगीपुरता होता. तेवढ्यावर धक्क्यानं भागतं. पण गल्ली अरुंद, आणि उतारावर पुढं ऑटोमॅटिक उभी. ती काढल्याशिवाय मॅन्युअलला पळायला जागा नाही. वसीम मॅन्युअलमध्ये बसलेला. मी ऑटोमॅटिककडे निघालो, तर मागून नायकांचा हुकूम आला.

"भाषणवाले सायेब, तुमी कुठी चालले? या इकडं. धक्का मारा."

मी मुकाट्यानं मागं गेलो. ताईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी लांबूनच ओरडलो, "ताई, गिअरचा दांडा 'ए'वर टाका आणि ब्रेक सोडा. बस्स. डावा पाय..."

"माहीत हाये," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

आम्ही ढकलायला लागलो. पहिल्या धक्क्याला मॅन्युअल खोकली. वसीमनं क्लच लवकर सोडला होता. ती परत वर ओढून आणली. दुसऱ्या धक्क्याला माझी चप्पल नालीत गेली. तिसऱ्याला इंजिन लागलं आणि धूर आमच्या तोंडावर. सगळे गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत होते, तेव्हा खालून ऑटोमॅटिक वर आली. ताई डांबरी रस्त्यापर्यंत जाऊन, वळवून, चढ चढून आल्या होत्या. नायकांच्या शेजारी गाडी अलगद थांबली. काच खाली झाली.

नायकांना बोलायला दम पुरत नव्हता. "पाय?"

"कोणता, बापू? डाव्याले तं कामच नाई."

नायक एकदा सुनेकडे आणि एकदा धापा टाकणाऱ्या मंडळींकडे बघत राहिले.

"भाऊ," त्यांनी मला विचारलं, "हे बंद पडली तं काय लागते?"

"वायरची एक जोडी. आणि जवळ दुसरी कोणतीही गाडी. तुमची जीप चालू असली तर तिच्यावरूनही होते."

"आणि ते गिअरवाली बंद पडली तं?"

मी आमच्याकडे हात केला. आम्हीच.

"उपकेंद्राच्या रस्त्यानं एवढी माणसं सून कुठून आणीन?" ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मंग ते वायर तुमी संग काहून नाई आणली?"

मी नालीतली चप्पल काढायला वाकलो.

"कपाटच द्या," नायक म्हणाले. "पण वायर आत ठेवून."

साहेबांनी संध्याकाळी विचारलं, कोणतं फीचर गिऱ्हाइकाला आवडलं. मी म्हणालो, धक्का. त्यांना वाटलं मी थकलोय.

डिलिव्हरीच्या दिवशी हार, पेढे, फोटो, सगळं झालं. नायकांनी पेढा हातातच धरला, आधी डिकी उघडून केबल पाहिली आणि मगच तोंडात टाकला. ताई आता स्वतः ड्युटीवर जातात. दोनदा रस्त्यात भेटल्या. थांबल्या नाहीत, हॉर्न दिला.

केबलची दुसरी जोडी आता माझ्या बॅगेत असते. आणि गाडीची माहिती सांगायची असली की मी आधी चावी काढून खिशात घालतो. भाषण तेवढंच लांबतं. पण आता बॅटरी फक्त ऐकणाऱ्याची उतरते.